शेकापच्या मध्यवर्ती समितीला खुलं पत्र: जमिनीचा प्रश्न परत दारात आलाय

प्रति,
मध्यवर्ती समिती आणि सरचिटणीस, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप),
तसंच रायगड, सांगोला, नांदेड, धाराशिव, कोल्हापूर जिथे कुठे लाल बावटा अजून घरात घडी घालून ठेवलेला असेल तिथले सगळे भाई,

लाल सलाम.

मी पक्षाचा पदाधिकारी नाही, कधी तिकीट मागितलेलं नाही आणि मागणारही नाही. पण आमचं घर शेकापचं. आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून मत कुणाला हा विषयच नव्हता, खटारा या पक्षाच्या निशाणीवर शिक्का मारायचा आणि घरी यायचं. म्हणून जे लिहितोय ते हक्काने लिहितोय, राग आला तर येऊ दे, पण पूर्ण वाचा एवढंच म्हणणं आहे.

२०१९ ला अलिबाग गेलं, पेण गेलं, सांगोला ७६८ मतांनी गेलं. २०२३ ला धैर्यशील पाटील भाजपमधे गेले आणि पुढच्या वर्षी राज्यसभेवर खासदार झाले. जुलै २०२४ ला विधान परिषदेत सरचिटणीस जयंतभाई पाटील पडले. त्याच वर्षी विधानसभेला अलिबाग, पनवेल, उरण तिन्ही ठिकाणी हार, आणि २०२५ ला माजी आमदार पंडितशेठ पाटील भाजपमधे. प्रत्येक वेळी तुमचं स्टेटमेंट तेच असतं, कुणी गेल्याने पक्ष संपत नाही, कार्यकर्ता जागेवर आहे. बरोबर आहे, कार्यकर्ता जागेवर आहे, पण त्याला गेल्या कित्येक वर्षांत पक्षाने काम काय दिलं ते सांगा ना. निवडणुकीच्या आधी दोन महिने गाड्या, झेंडे, सभा आणि निकाल लागला की परत पाच वर्षं शांतता, याला पक्ष चालवणं म्हणत नाहीत.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. उरण, पेण, पनवेलमधल्या १२४ गावांच्या जमिनीवर एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगराचं विकास प्राधिकरण, नवीन शहर बसवणार आहे, लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. त्याच्या आधी विमानतळाभोवतीचं सिडकोचं नैना शहर आहेच, विरार-अलिबाग कॉरिडॉर आहे, अटल सेतू झाल्यापासून चिर्ले-जासई पासून पेणपर्यंत जमिनीचे भाव काय झालेत ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. म्हणजे ज्या प्रश्नावर तुमचा पक्ष या जिल्ह्यात उभा राहिला तोच प्रश्न आख्खाच्या आख्खा परत आलाय, आणि गावच्या मीटिंगमधे लोक एकमेकांना विचारतात की शेकापचं म्हणणं काय आहे, तर कुणालाच धड सांगता येत नाही. कुठे विरोध, कुठे मोबदला वाढवून द्या, कुठे गप्प. मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो, आमदार पडल्याचा तेवढा होत नाही.

नवीन पोरांना पक्ष माहीत नाही. त्यांच्यासाठी थोडं मागचं लिहितो, आणि खरं सांगायचं तर तुमच्यासाठी पण लिहितो कारण वर्धापनदिनाच्या भाषणात हे सगळं हारतुरे घालण्यापुरतं येतं.

पक्ष जन्मला काँग्रेसच्या पोटात. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही सत्यशोधकी वळणाची, बहुजन समाजातली माणसं, स्वातंत्र्य येतंय पण शेतकऱ्याच्या हातात काय येतंय असा त्यांचा सवाल होता. १९४७ ला आतल्या आत संघ काढला आणि १९४८ ला आळंदीला काँग्रेस सोडायचं ठरलं. १९५० ला मालेगाव तालुक्यातल्या दाभाडीत अधिवेशन झालं, तिथे जो प्रबंध मंजूर झाला त्यात पक्ष उघडपणे मार्क्सवादी झाला. आज विचार केला तर नवल वाटतं, की दोन-तीन वर्षं वयाचा पक्ष एका खेडेगावात बसून जमीन कुणाची, कारखाना कुणाचा, देशाची क्रांती कुठल्या टप्प्यावर आहे यावर दिवसरात्र भांडत होता. त्या भांडणाची किंमत पण दिली, दत्ता देशमुख, क्रांतिसिंह नाना पाटील एका बाजूने बाहेर पडले आणि थोड्या वर्षांत जेधे, मोरे, तुळशीदास जाधव दुसऱ्या बाजूने काँग्रेसमधे परत गेले. संस्थापकच गेले! तरी पक्ष मेला नाही. उलट १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत मुंबई राज्याच्या विधानसभेत शेकापचे ३१ आमदार होते. ३१. हा आकडा तुम्ही भाषणात सांगता, पण त्याच्या पुढचं सांगत नाही, की १९६२ ला ते १५ झाले आणि १९७२ ला ७.

का झाले? यशवंतराव चव्हाणांनी माणसं फोडली असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. फोडली, नाकारत नाही, यशवंतराव मोहित्यांसारखा माणूस गेला म्हणजे सातारा-कराड पट्ट्यातला कणाच गेला. पण फोडायला नुसतं गोड बोलून चालत नाही हो, चव्हाणांकडे द्यायला काहीतरी होतं. जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखाने आले, जमिनीच्या कमाल मर्यादेचा (सीलिंगचा) कायदा आला, जिल्हा बँका आल्या. ज्या मधल्या शेतकऱ्याला शेकाप सांगत होता की तुझं राज्य येईल, त्याला काँग्रेसने कारखान्याचं संचालकपद दिलं आणि म्हणाली हे घे, आलं तुझं राज्य. ऊस असलेला शेतकरी तिकडे गेला. आपल्याकडे उरला तो कोरडवाहूवाला, खाडीकाठच्या खारेपाटातला भातवाला आणि मराठवाड्यातला निजामाच्या राज्यातून नुकताच सुटलेला माणूस. म्हणून नकाशा बघा, सांगोला, कंधार, उस्मानाबाद, कुलाबा म्हणजे आजचा रायगड. हे काही योगायोगाने झालेलं नाही.

आणि एवढ्याशा ताकदीवर या पक्षाने जे केलं ते बघितलं की अजून छाती भरून येते. कृष्णराव धुळप, दि. बा. पाटील, उद्धवराव पाटील, दत्ता पाटील, विरोधी पक्षनेता कसा असावा हे महाराष्ट्राला या लोकांनी दाखवलं. १९६२ पासून जवळपास पंधरा वर्षं विधानसभेतली ती खुर्ची शेकापकडेच होती. मूठभर आमदार, पण मंत्री तयारी करून यायचे कारण समोरचा माणूस बजेट वाचून आलेला असायचा. केशवराव धोंडगे उभे राहिले की सभागृह जागं व्हायचं. गणपतराव देशमुख एकाच मतदारसंघातून ११ वेळा निवडून आले, एसटीने फिरले, आणि त्यांच्याविरुद्ध पैशाची एक गोष्ट विरोधकाला सुद्धा सांगता आली नाही. एन. डी. पाटील १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारात सहकारमंत्री झाले, मंत्रिपद गेल्यावर परत रस्त्यावर आले आणि म्हातारपणी पेण-उरणच्या शेतकऱ्यांसाठी सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) विरुद्ध उभे राहिले. आजारी शरीर घेऊन हा माणूस उन्हात बसायचा, हे आमच्या भागातल्या बऱ्याच लोकांनी डोळ्याने बघितलंय.

सेझची गोष्ट मुद्दाम काढली. २००८ च्या सप्टेंबरमधे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं, जमीन द्यायची का नाही यावर, आणि पुढच्या वर्षी संपादनाची मुदत संपली, महामुंबई सेझ तिथेच थांबला. देशातल्या सगळ्यात मोठ्या खासगी कंपनीचा, रिलायन्सचा प्रोजेक्ट होता तो! त्याच्या मागे जा, जानेवारी १९८४, जासई-नवघर, सिडकोच्या विरुद्ध दि. बां.चं आंदोलन, गोळीबार, ५ हुतात्मे, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व. आणखी मागे जा, १९३३, अलिबाग तालुक्यातलं चरी, शेतकऱ्यांचा संप. पक्ष तेव्हा जन्मला पण नव्हता, पण नारायण नागू पाटलांच्या मागे कुळांनी सहा वर्षं जमीन कसली नाही, उपाशी राहिले, बाहेरगावी मजुरीला गेले पण खोताच्या, म्हणजे जमीनदाराच्या शेतात पाय ठेवला नाही, बाबासाहेब आंबेडकर स्वतः चरीला येऊन गेले. तिन्ही वेळा प्रश्न एकच होता, जमिनीचं काय होणार हे जो ती कसतो त्याला विचारून ठरणार का त्याच्या डोक्यावरून ठरणार. रायगडमधे लाल बावटा कुठून आला विचारलं तर उत्तर हे आहे.

आता कडू बोलतो.

कुळकायदा आला आणि कूळ मालक झालं. हा चळवळीचाच विजय होता. पण मालक झालेल्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात. त्याचा मुलगा आरसीएफ थळमधे लागला, नागोठण्याला लागला, जेएनपीटीला लागला. त्याच्या नातवाला तिथे परमनंट नोकरी मिळेना, तो कॉन्ट्रॅक्टवर गेला. भातशेती परवडेना, खारबंदिस्ती फुटायला लागली, एकेका वर्षी खारं पाणी आत येऊन आख्खं शेत गेलं, मग मुंबईचा माणूस बंगल्यासाठी जमीन विचारत आला आणि एजंट कोण तर गावातलाच, बऱ्याचदा आपल्याच पक्षाचा. खोताशी लढायचं कसं हे पक्षाला माहीत होतं. पण जमीन विकणाराही आपला, विकून देणाराही आपला, आणि त्या जमिनीवर भरावाचं कॉन्ट्रॅक्ट घेणाराही आपला, तर लढायचं कुणाशी? या प्रश्नावर दाभाडीसारखी एक बैठक तुम्ही कधी घेतली नाही. दाभाडी प्रबंध चूक का बरोबर ते सोडा, तो त्या वेळच्या गावाचा अभ्यास होता. आजच्या अलिबाग-पेणच्या गावाचा तसा अभ्यास पक्षाकडे कुठे आहे? मला दाखवा, मी पदरच्या पैशाने छापून वाटतो.

त्याच्याऐवजी काय झालं तर जिल्हा परिषद, बँक, पतसंस्था, शाळा-कॉलेज, मार्केट यार्ड. सत्ता ताब्यात ठेवायला ते लागतं, हे मला कळतं, बिनसत्तेचा पक्ष आमच्यासारख्या जिल्ह्यात टिकत नाही. प्रभाकर पाटलांच्या काळात जिल्हा परिषदेने खेड्यापाड्यात शाळा, रस्ते नेले ते आमच्या घरचे पण विसरले नाहीत. पण हळूहळू झालं असं की पश्चिम महाराष्ट्रात ज्या संस्थांच्या जोरावर काँग्रेसने आपल्याला खाल्लं, इथे आपण त्याच संस्थांच्या जोरावर पक्ष चालवायला लागलो, आणि लोक पण मग पक्षाकडे तसंच बघायला लागले, की यांच्याकडून काम होतं का. काम होतं तोवर मत. मग एक दिवस दुसऱ्याकडे जास्त मोठी सत्ता आली, त्यांच्याकडून जास्त काम व्हायला लागलं, तर माणूस तिकडे जाणारच ना. रामशेठ ठाकूर तुमच्याच तिकिटावर १९९८ आणि १९९९ ला खासदार झाले, आज ते घराणं पनवेलमधे भाजपचं आहे. खुद्द दि. बा. पाटील १९९९ ला शिवसेनेत गेले, ज्या माणसाने आयुष्य पक्षाला दिलं त्याला शेवटी घर सोडावंसं का वाटलं याची पक्षात कधी मोकळी चर्चा झाली का? विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून आगरी-कोळी समाज रस्त्यावर उतरला तेव्हा सगळे पक्ष पुढे होते, आणि त्या गर्दीत शेकाप हा अनेकांमधला एक होता. दि. बां.चा पक्ष, आणि अनेकांमधला एक.

पनवेलच्या कर्नाळा बँकेचं पण बोललं पाहिजे, कारण तुम्ही बोलत नाही. २०२१ ला रिझर्व्ह बँकेने लायसन्स रद्द केलं. बँकेचे अध्यक्ष तुमचे माजी आमदार होते, त्यांना ईडीने अटक केली. कोर्टात काय व्हायचं ते होईल, त्यावर मला बोलायचं नाही. मला ठेवीदारांचं बोलायचंय. ते कोण होते? पनवेल-उरणचे प्रकल्पग्रस्त, जमिनीचे पैसे आले ते आपल्या माणसाची बँक म्हणून तिथे ठेवले. विम्याच्या ५ लाखांच्या वर ज्यांचं होतं त्यांचं काय झालं? पक्षाने अधिकृतपणे एकदा तरी या लोकांना एका हॉलमधे बोलावून समोर उभं राहून सांगायला हवं होतं की आमची जबाबदारी आहे, आम्ही तुमच्याबरोबर शेवटपर्यंत भांडू. विरोधकांनी राजकारण केलं म्हणता, केलंच असेल, पण तुम्ही ठेवीदारांच्या मोर्चाच्या पुढे असता तर विरोधकांना जागाच राहिली नसती.

आणि उमेदवारी. हे लिहिताना वाईट वाटतं. एका घरात सरचिटणीस, त्याच घरात माजी आमदार, त्याच घरात पुढचं तिकीट, आणि मग त्या घरातच भांडण लागलं तर तो पक्षाचा प्रश्न होऊन बसतो. चरीच्या लढ्याचा वारसा त्या घराला आहे, त्याबद्दल आदर आहे, कृषीवल पेपर त्या घराने चालवला, हे सगळं मान्य. पण वारसा आदरासाठी असतो, त्यावर तिकिटाचा हक्क येत नाही. अलिबाग तालुक्यात दुसरा एक पण लायक कार्यकर्ता नाही असं तुम्हाला म्हणायचंय का? आणि बाहेरच्यांना तर तुम्ही सहज दिलंय. २०१४ ला मावळ लोकसभेला लक्ष्मण जगतापांना पाठिंबा दिला, थोड्याच महिन्यांत ते भाजपचे आमदार झाले. आपल्या पोराला सांगायचं थांब, आणि पाहुण्याला सांगायचं ये, असं किती दिवस चालेल.

सांगोल्याकडे बघा म्हणतो मी. २०१९ ला हरले, २०२१ ला गणपतराव आबा गेले, सगळे म्हणाले सांगोल्यातला शेकाप आता संपला. २०२४ ला महाविकास आघाडीतल्याच मित्रपक्षाचा उमेदवार समोर असताना बाबासाहेब देशमुख निवडून आले. ते पण नातूच आहेत, हे मला कुणी सांगायला नको, पण तिथे गावागावात पाण्याचा प्रश्न, टेंभू-म्हैसाळचं पाणी, डाळिंबाचं, चारा छावण्यांचं, हे काम कधी थांबलं नाही म्हणून लोक थांबले. राज्यात पक्षाचा एकच आमदार आहे आणि तो तिथला आहे, हे जरा मनावर घ्या. उरणला तुमचा उमेदवार दुसऱ्या नंबरवर आला, मित्रपक्षाने पण उमेदवार दिला नसता तर निकाल वेगळा लागला असता हे खरं असेलही. पण पुढे तोच उमेदवार भाजपमधे गेला, मग ती मतं कुणाची होती आणि कशासाठी होती?

२०२५ च्या वर्धापनदिनाला पनवेलमधे राज ठाकरे पाहुणे होते. यायला हरकत नाही, पाहुणे यावेत. पण रायगडच्या जमिनीबद्दल रायगडच्या शेतकऱ्याला पाहुण्याने सांगावं आणि लाल बावट्याखाली बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, हे मला सहन झालं नाही. त्या स्टेजवरून तुमच्या सरचिटणीसांनी १२४ गावांचा ठराव वाचायला हवा होता, गावांच्या नावासकट.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आघाडी कुणाशी, किती सीट, हे सध्या बाजूला ठेवा, त्यातून मिळायचं ते मिळेल. पुढच्या वर्धापनदिनाच्या आधी उरण, पेण, पनवेलच्या या १२४ गावांमधे पक्षाच्या नावाने बैठका घ्या. मोठी सभा नको, देवळात नाहीतर शाळेत बसून, वहीत लिहून घ्यायचं, कुणाची किती जमीन, कोण कसतं, कुणी विकली, कुणाच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, कुणाला काय हवंय. काही जण जमीन देऊन मोकळे व्हायचं म्हणतील, त्यांचं पण लिहा, त्यांना शिव्या घालू नका, चाळीस वर्षं शेती तोट्यात गेलेला माणूस आहे तो. मग त्यावरून पक्षाची भूमिका ठरवा, दोन पानांची, मराठीत, वकिलाच्या भाषेत नको. साडेबारा टक्के आजच्या भावाला पुरतात का, भूमिहीन मजूर, कातकरी वाडीवाले आणि खाडीवर जगणारे कोळी यांना त्यात काहीच मिळत नाही त्याचं काय, जेएनपीटी आणि विमानतळावरच्या कॉन्ट्रॅक्ट नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्ताचा वाटा किती, हे सगळं त्यात आलं पाहिजे. कामगार हा शब्द पक्षाच्या नावात आहे आणि उरणच्या सीएफएसमधे (कंटेनरच्या गोदामांत) ठेकेदाराकडे राबणाऱ्या पोरांची युनियन आज बहुतेक ठिकाणी दुसऱ्यांची आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि उमेदवार तालुका समितीने मतदान घेऊन निवडायचा असा ठराव करा. पहिल्या वेळी भांडणं होतील, दोन माणसं रुसून जातील, जाऊ दे. तशीही जातातच आहेत.

माझ्याकडून काय, तर आमच्या गावची बैठक मी लावतो. जागा, सतरंज्या, चहा, सातबारे गोळा करणं सगळं बघतो, बरोबर दहा-बारा पोरं आहेत, त्यांच्यातले निम्मे शेकापचे नाहीत पण जमिनीच्या विषयावर येतील. तुमच्याकडून फक्त एक माणूस पाठवा ज्याने भूसंपादनाचा २०१३ चा कायदा आणि एमएमआरडीएचं नोटिफिकेशन नीट वाचलेलं आहे, आणि जो प्रश्न विचारले तर चिडणार नाही. तारीख तुम्ही कळवा, भातकापणीचे दिवस सोडून कुठलीही चालेल.

आपला,
पेण तालुक्यातला एक मतदार